पासपोर्ट द्या, जर्सी घ्या!

कतारचा २०२२चा वर्ल्ड कप आठवतोय ना? रात्र रात्र जागून मॅच बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरला डुलक्या काढायच्या, तो महिना. मेस्सीने कप उचलला हे तर सगळ्यांनाच पाठ आहे. पण आमच्या नेरूळच्या ग्रुपवर त्या दिवसांत सगळ्यात जास्त मेसेज पडले ते मोरोक्कोच्या नावाने. त्यांनी आधी स्पेनला पेनल्टीवर घरी पाठवलं, मग रोनाल्डोच्या पोर्तुगालला. सेमी फायनल गाठणारा पहिला आफ्रिकन देश! ग्रुपमधल्या निम्म्या जणांनी तेव्हा मोरोक्को नकाशावर नक्की कुठे आहे ते शोधलं होतं. खोटं कशाला बोलू, त्यात मीसुद्धा होते.

नंतर त्या टीमची यादी नीट पाहिली आणि मी चाटच पडले. २६ खेळाडूंपैकी १४ जणांचा जन्म मोरोक्कोत झालेलाच नव्हता. स्पेनला बाहेर काढणारी शेवटची पेनल्टी मारणारा अश्रफ हकीमी जन्मला कुठे, तर माद्रिदमध्ये! आणि चार जण जन्माने चक्क नेदरलँड्सचे : हकीम झियेश, नुसैर मझरावी, सोफयान अमराबात, झकारिया अबुखलाल.

नेदरलँड्स आणि मोरोक्को यांचं हे नातं फुटबॉलने जोडलेलं नाही. १९६९मध्ये दोन्ही सरकारांनी कामगारांसाठी करार केला. डच कारखान्यांना माणसं हवी होती आणि मोरोक्कोच्या डोंगराळ रिफ भागात रोजगार नव्हता. बापे आधी एकटे गेले, मग बायकामुलांना नेलं. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या घरात वाढलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की आपल्या माणसांना बोटीने मुंबई गाठायची होती आणि त्यांना समुद्रापलीकडचा दुसरा खंड.

त्या घरांतली पोरं डच गल्ल्यांत फुटबॉल खेळत मोठी झाली. झियेश त्यातलाच. १९९३चा जन्म, गाव ड्रोंटेन. दहा वर्षांचा असताना वडील गेले. तरीही तो हेरेनवीन, ट्वेन्टे, आयाक्स अशा पायऱ्या चढत चेल्सीपर्यंत पोचला आणि २०२१ची चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या टीममध्ये होता. नेदरलँड्सच्या ज्युनियर टीम्सकडून तो खेळला होता. २०१५मध्ये सीनियर टीमचं बोलावणंही आलं, पण दुखापतीमुळे तेव्हा खेळणं झालं नाही. काही महिन्यांनी त्याने जाहीर केलं, की मी मोरोक्कोकडून खेळणार. डच फुटबॉलमध्ये केवढा गहजब! मार्को व्हॅन बास्टेनसारख्या दिग्गजानेही जाहीरपणे नावं ठेवली. गंमत म्हणजे २०१८च्या वर्ल्ड कपला मोरोक्को पात्र ठरला आणि नेदरलँड्स घरी बसला.

या सगळ्यात झियेशला एक गोष्ट करावी लागली नाही. त्याने पासपोर्ट परत केला नाही. मोरोक्कोचं नागरिकत्व आईबापांकडून मुलांना मिळतं आणि ते सोडतो म्हटलं तरी सहसा सुटत नाही. त्यामुळे डच कायदा दुहेरी नागरिकत्वाबद्दल कडक असूनही या मुलांकडे दोन्ही राहतात. देश निवडायचा तो फक्त मैदानावर.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे असा कुणी आहे का? दुसऱ्या देशात जन्मलेला, बापाच्या देशाची जर्सी घातलेला? आहे. त्याच्या करिअरची सगळ्यात चांगली वर्षं आपल्या महाराष्ट्रात गेली आणि खेळणं थांबवल्यावर तो कोच म्हणून काम करत होता ते घणसोलीत. ठाणे-बेलापूर रोडवरून तुमची बस रोज जाते ना, त्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधल्या मैदानावर. अकादमीचं नाव रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आणि कोचचं नाव अराता इझुमी.

नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, हा तर जपानी. बरोबर. १९८२मध्ये जपानच्या शिमोनोसेकीत जन्म, आई जपानी, वडील गुजराती. त्याचं भारतीय नाव आहे नीलकंठ खंभोळजा. मला स्वतःला ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे पचवायला जरा वेळ लागला!

अराता २००६मध्ये भारतात आला तो ईस्ट बंगालकडून खेळायला. मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये. आज विशीत असलेल्यांना हे नाव आठवणारही नाही, पण महिंद्रा युनायटेड ही तेव्हा देशातली बडी टीम होती. २०१०मध्ये कंपनीने ती बंद केली. अराता त्याच्या आधीच, २००९मध्ये, पुणे एफसीत गेला होता. ही टीम २००७मध्ये सुरू झालेली, म्हणजे अगदीच नवखी. आय-लीगमध्ये वर चढल्यावर पहिल्याच मोसमात तिसरी आली आणि २०१२-१३मध्ये दुसरी. बालेवाडीच्या मोठ्या स्टेडियममध्ये मोजक्याच लोकांसमोर ही टीम खेळायची आणि मिडफिल्डमध्ये अराता असायचा.

तो मिडफिल्डमध्ये खेळत होता, पण कागदावर परदेशी होता. क्लबला ठरावीकच परदेशी खेळाडू घेता येतात, त्यातली एक जागा त्याच्या नावावर खर्च व्हायची. बाप भारतीय, नोकरी भारतात, पण लीगच्या लेखी तो परदेशीच! भारताच्या टीममध्ये तर त्याला कुणी घेऊच शकत नव्हतं.

का, तर त्यासाठी २००८मध्ये जावं लागेल. त्याआधी परदेशी पासपोर्ट असलेले भारतीय वंशाचे काही खेळाडू भारताकडून खेळत असत. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकन नागरिक होता, तरी डेव्हिस कपमध्ये भारताकडून उतरला होता. २००८च्या डिसेंबरमध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवलं, की यापुढे भारताची जर्सी फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांना. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाहीच. ओसीआय कार्ड मिळतं, पण ते म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर राहा, शिका, नोकरी करा. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही आणि देशाकडून खेळताही येत नाही. (मतदान, शेतजमीन आणि फुटबॉल एकाच रांगेत, हे वाचून मला हसू आलं होतं.)

जपानही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे अरातापुढे झियेशसारखा 'दोन्ही ठेवतो' हा पर्याय नव्हताच. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. जरा विचार करा, जपानचा पासपोर्ट हा जगातल्या सगळ्यात वजनदार पासपोर्टांपैकी एक. आपल्या वर्गातले किती जण आयईएलटीएसचे क्लास लावून नेमके उलट्या दिशेने धावतायत! आणि हा तिशीतला माणूस तो सोडून आपला निळा पासपोर्ट मागत होता.

२०१२मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि तो भारतीय झाला. दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे सगळं फारच फिल्मी वाटेल. जपानच्या राष्ट्रीय टीममध्ये त्याला जागा मिळण्याची शक्यता जवळपास शून्य होती. शिवाय भारतीय झाल्यावर क्लबची परदेशी खेळाडूची जागा मोकळी होत होती, म्हणजे बाजारात त्याची किंमत वाढणार होती. पण मला वाटतं, निव्वळ हिशेब मांडून कुणी आईच्या देशाचं नागरिकत्व सोडत नाही. त्याच्यासाठी जपान हा सुटीत जायचा देश नव्हता, ते त्याचं घर होतं.

तेव्हा भारतीय टीमचा कोच होता विम कूफरमान्स. हा डच माणूस! १९८८ची युरो जिंकलेल्या नेदरलँड्सच्या टीममध्ये त्याचं नाव होतं. ज्या देशातून झियेशसारखी मुलं मोरोक्कोकडे गेली, त्याच देशाच्या माणसाने जपानमध्ये जन्मलेल्या गुजराती बापाच्या मुलाला भारताची जर्सी दिली. फेब्रुवारी २०१३, कोची, पॅलेस्टाइनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. भारत २-४ असा हरला, पण जन्माने परदेशी नागरिक असलेला आणि नंतर भारतीय झालेला फुटबॉलपटू पहिल्यांदाच भारताकडून खेळला.

पुढे काय झालं? खरं सांगू, फार काही नाही. वय तिशीपार. त्याचे एकूण आंतरराष्ट्रीय सामने दोन हातांच्या बोटांवर मोजून संपतात. त्याच वर्षी काठमांडूत सॅफच्या फायनलला भारत अफगाणिस्तानकडून हरला. मग आयएसएल आली. अराता कोलकाता, पुणे आणि केरळकडून खेळला, गोल केले आणि हळूहळू मैदानाच्या कडेला कोचच्या जागी आला. घणसोलीतल्या अकादमीत देशभरातून निवडलेली मुलं राहतात, शिकतात, खेळतात. त्यांना शिकवणाऱ्या या माणसाने भारताकडून खेळण्यासाठी काय सोडलं होतं, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक.

अराताच्या मागे रांग लागेल असं तेव्हा बोललं जायचं. रांग सोडा, दुसरा माणूस यायला बारा वर्षं लागली. बंगळूर एफसीचा रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियात जन्मला, इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथकडून खेळला आणि ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला. त्याची आई मूळची मुंबईची, अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. रायनने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तो भारतीय झाला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. अराताला पहिली मॅच मिळाली तेव्हा तो ३०चा होता. आपल्याकडे माणूस येतो तेव्हा दिवस कलायला लागलेला असतो. वीस वर्षांचा मुलगा, ज्याच्यापुढे युरोपात करिअर पडलंय, तो पासपोर्ट कशाला सोडेल? तिकडे वर्क परमिटची कटकट त्यालाच होणार.

शेजारी बघा. मार्च २०२५मध्ये शिलाँगला भारत-बांगलादेश मॅच झाली. बांगलादेशकडून पहिल्यांदाच उतरला हमझा चौधरी, इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीकडून प्रीमियर लीग खेळलेला. आई बांगलादेशी, म्हणून तो खेळू शकला. ब्रिटिश पासपोर्ट खिशातच. मॅच ०-० सुटली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात आपण त्याच बांगलादेशकडून ०-१ हरलो. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला क्रिकेट टीमने वर्ल्ड कप उचलला, त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

'बाहेरची पोरं आणून काय होणार, आपली तयार करा,' असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं चूक नाही. मोरोक्कोनेही नुसती पोरं गोळा केली नाहीत, घरी राबातजवळ मोठी अकादमी उभारली. २०२२मध्ये भारतात झालेल्या मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये त्यांनी भुवनेश्वरला आपल्याला ३-० हरवलं, तेव्हा ते या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होते. त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. आपण एक हळूहळू करतोय आणि दुसरीसमोर पासपोर्टची खिडकी उघडून बसलोय.

हा विषय डोक्यात घुसला तो माझ्या एका मित्रामुळे. खारघरला राहतो, बारावीपासूनची ओळख. नऊ वर्षांचा असताना आईबाबांबरोबर न्यू जर्सीहून परत आला. मराठी आपल्यासारखीच बोलतो, वडापावबरोबर जास्तीची सुकी चटणी मागतो, लेफ्ट बॅकला अफाट खेळतो. एका निवड चाचणीचा फॉर्म भरताना तो 'नागरिकत्व' या रकान्यापाशी थांबला. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. फॉर्म त्याने तसाच घडी करून बॅगेत टाकला. आम्ही कुणी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

या लेखासाठी वाचन करताना गेल्या रविवारी मी त्याला अराताची गोष्ट सांगितली. टर्फवर, मॅचच्या आधी, बुटांच्या नाड्या बांधत तो ऐकत होता. मी विचारलं, "तू सोडशील पासपोर्ट?"

"आईला विचारलं होतं एकदा," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणाली, आधी एमएस कर, मग बघू."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने विचारलं, "आणि तो अराता, त्याला किती मॅच मिळाल्या म्हणालीस?"

मी सांगितलं, दहाही नाही.

"पण मिळाल्या ना," असं म्हणून तो उठला आणि लेफ्ट बॅकला जाऊन उभा राहिला.