गिअरचे तेल: दाट तेवढे चांगले?

गिअरपेटीसाठी तेल घेताना आपले शेतकरी बंधू दुकानदारास बहुधा एकच सांगतात, "जरा दाट असेल ते द्या." दाट तेल म्हणजे दणकट तेल, ही समजूत बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याच्या काळापासून चालत आली आहे. आसाला ती शोभत होती. ट्रॅक्टरला शोभत नाही.

तेलाचे काम काय? एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दात्यांमध्ये पातळ पापुद्रा टिकवून धरणे आणि घर्षणाची उष्णता वाहून नेणे. तेल फार पातळ असले की पापुद्रा फाटतो व दाते झिजतात. फार दाट असले की ते बेअरिंगांच्या फटीत वेळेवर पोचत नाही. ते घुसळण्यातच डिझेल खर्ची पडते आणि तेल तापते.

उष्णतेने तेल पातळ होते, थंडीने दाट होते. पैनगंगेच्या दक्षिणेस आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर हिवाळ्यातील काही पहाटे तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणून डब्यावरील अंक वाचता आले पाहिजेत. '८०डब्ल्यू-९०' यातील पहिला अंक थंडीतील वागणूक सांगतो. या तेलाची परीक्षा उणे २६ अंशांवर होते. तेव्हा आपल्या थंडीचे त्यास भय नाही. दुसरा अंक १०० अंश तापमानावरील दाटपणा दर्शवितो. '८५डब्ल्यू-१४०' हे त्याहून बरेच दाट होय. इंजिन तेलाच्या अंकांशी मात्र यांची तुलना करू नये, कारण माप वेगळे आहे. गिअरचे ९० क्रमांकाचे तेल इंजिनच्या ४० किंवा ५० क्रमांकाच्या तेलाइतकेच दाट असते.

परंतु केवळ दाटपणा जुळला म्हणजे भागत नाही. अलीकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत ब्रेक तेलात बुडालेले असतात आणि गिअर, लिफ्ट व ब्रेक यांस एकच तेल पुरते. तेथे 'यूटीटीओ' नावाचे खास तेल लागते. त्याऐवजी साधे गिअर तेल घातल्यास ब्रेक करकरतात, त्यांची पकड बिघडते. कापसाने भरलेली ट्रॉली, वर बसलेली माणसे आणि समोर उतार असता असे झाले, तर हानी केवळ पैशाची राहत नाही. उलट, रोटाव्हेटरच्या पेटीस बहुधा ईपी-९० किंवा १४० सांगितलेले असते. दोहोंसाठी एकच डबा घेणे ही काटकसर नव्हे. तसेच 'जीएल-४' सांगितले असेल तेथे 'जीएल-५' चालेलच असे नाही. त्यातील तीव्र रसायने पितळी भागांस बाधू शकतात.

तेल बदलताना काम आटोपल्यावर, ते कोमट असतानाच काढावे, म्हणजे गाळही निघून येतो. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. धातूचा चुरा दिसल्यास मिस्त्रीस दाखवावे. नवे तेल ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरल्याने फेस होतो.

कोणते तेल, याचा अखेरचा निर्णय ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेचा. ती पेटीत पडून असेल तर आजच काढावी. इंग्रजी असल्यास शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी आणि प्रत्येक यंत्राच्या तेलाचा अंक गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस दुकानदारास "दाट द्या" न म्हणता तो अंक सांगावा.