मोबाइलचा वर्ग चालतो कसा

आपण संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य झालो, असे केरळने २१ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर केले. 'संपूर्ण' म्हटले की थोडी शंका घ्यावीच. पण त्यांची शिकवण्याची रीत मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे.

केरळचा 'अक्षय' प्रकल्प २००२मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात सुरू झाला, तेव्हा घरटी एकाला संगणक शिकवायचा, असे ठरले होते. केंद्राच्या २०१७च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानातही घरटी एकच माणूस होता : वय १४ ते ६०, अभ्यासक्रम वीस तासांचा. हिशेबाला हे सोयीचे. प्रत्यक्षात शिकतो तो बहुधा घरातला तरुण, आणि आई पूर्वीसारखीच त्याच्याकडे फोन देऊन वाट पाहत बसते.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा पंचायतीने हा घरटी एकाचा हिशेब सोडला, आणि पुढे राज्यभर तोच मार्ग धरला गेला. आधी घरोघर जाऊन मोबाइलवरची कोणती कामे कोणाला येत नाहीत ते टिपले. अशी कामे न येणारे राज्यात सुमारे २२ लाख लोक निघाले. मग स्वयंसेवक त्यांच्याकडे शिकवायला गेले : रोजगार हमीच्या कामावर, 'कुटुंबश्री' या महिला गटांच्या बैठकीत, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी. शेवटी प्रत्येकाकडून ती कामे करून घेतली; ज्यांना जमले नाही त्यांना पुन्हा शिकवले.

आता एक पाठ घेऊन पाहू : यूपीआयने पैसे देणे. पहिला नियम शिकवणाऱ्यासाठी आहे. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहील. "द्या इकडे, मी करून दाखवतो" म्हटले की पाठ संपला. दोन शेजारणींनी एकमेकींना एक रुपया पाठवायचा, म्हणजे चूक झाली तरी भीती नाही. कोड स्कॅन केला की समोरच्याचे नाव दिसते. इथे थांबायचे. नाव मोठ्याने वाचायचे; वाचता येत नसेल तर जिला पैसे द्यायचे तिलाच स्क्रीन दाखवून विचारायचे, "हे तुमचंच ना?" मग रक्कम. तीही वाचायची. पिन सगळ्यात शेवटी.

त्यानंतर भूमिका बदलायच्या आणि पैसे घेणारीला विचारायचे, "तुम्ही पिन टाकला का हो?" नाही टाकला, तरी रुपया आला. पैसे देताना आणि शिल्लक पाहताना पिन लागतो, घेताना कधीच नाही, हे तिने स्वतः पाहिलेले असते. उद्या कोणी फोन करून "बक्षीस लागलंय, पिन टाका" म्हणाला, तर ती फसण्याची शक्यता बरीच कमी होते. शिवाय १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्याच बैठकीत प्रत्येकीच्या फोनमध्ये साठवून द्यावा.

ॲपची बटणे वर्षभरात जागा बदलतात, म्हणून ती पाठ करून घेण्यात अर्थ नाही. टिकते ती सवय : थांबणे, वाचणे, मागच्या बाणाने परत येणे, आणि पैसे येणार की जाणार हे विचारणे. एसटीचे तिकीट काढताना तारीख तपासणे किंवा सातबारा उतरवताना गट क्रमांक पडताळणे, यालाही तीच सवय लागते. ज्या वर्गात फक्त 'हे दाबा, मग ते दाबा' चालते, तिथे शिकलेली बाई नव्या फोनवर पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

आपल्याकडे २०२२ ते २०२७ या काळासाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. वय १५ आणि त्यापुढच्यांसाठी. गोवा ३० मे २०२५ रोजी याच कार्यक्रमातून पूर्ण साक्षर जाहीर झाला. या कार्यक्रमात डिजिटल साक्षरता जीवनकौशल्यांमध्ये धरलेली आहे, पण चाचणीचे १५० गुण वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला, प्रत्येकी ५०. फोनला गुण नाहीत, आणि ज्याला गुण नाहीत ते मागे पडते हे शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

त्यावर उपाय वर्गातच करता येतो. संख्याज्ञानाच्या तासाला ५०० आणि ५,००० फळ्यावर लिहून झाले की तेच आकडे लगेच रकमेच्या चौकटीत टाकायला लावावेत, आणि पिनच्या आधी मागे फिरायला सांगावे. एका शून्याने काय होते ते तिथे लगेच कळते.