चित्र घाटापलीकडे, रुग्ण घाटाखाली

चोर्ला घाट उतरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या रुग्णाच्या काखेत बहुधा एक मोठे पाकीट असते. बेळगावच्या वडगावातील एखादा विणकर आला, तर त्यात छातीच्या क्ष-किरण फिल्म, सीटी स्कॅनची तबकडी आणि दोन-चार कागद असावयाचे. पाकीट घरी राहिले, फिल्मा पावसात चिकटल्या वा तबकडी उघडेना, की सारी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही. फुप्फुसावरचा लहानसा डाग जुन्या क्षयाचा वण आहे की नव्या गाठीचा आरंभ, हे एकाच चित्रावरून सांगणे निष्णात क्ष-किरणतज्ज्ञासही पुष्कळदा कठीण जाते. दोन वर्षांपूर्वीचे चित्र शेजारी ठेवले आणि डाग जसाच्या तसा दिसला, तर चिंता बहुतांशी मिटते. वाढलेला दिसला, तर दिवस दवडून चालत नाही. जुने चित्रच नसेल तर पुन्हा सीटी स्कॅन, सुईने तुकडा काढणे, किंवा काही महिने वाट पाहणे एवढेच हाती उरते. सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या कित्येक पटींनी अधिक किरणे शरीरात जातात. शिवाय २०१८ सालापासून बांबोळीस परराज्यातील रुग्णांना शुल्क पडू लागले, हेही विसरता येत नाही.

यंत्रांची भाषा केव्हाच एक झाली आहे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व यंत्रनिर्माते यांच्या संस्थांनी १९८५ साली पहिला सामाईक संकेत प्रसिद्ध केला. त्यातूनच १९९३ साली 'डायकॉम' सिद्ध झाला. घोडे अडते ते माणसाच्या ओळखीपाशी. प्रत्येक इस्पितळाचा रुग्णक्रमांक वेगळा. नाव कोठे मराठी उच्चाराने लिहिलेले, कोठे कानडी वळणाने. गावाचे नावही १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी 'बेळगावी' झाले. हा सारा एकच मनुष्य, हे संगणकाने ओळखावे कसे?

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक याचसाठी आहे. यात कागदपत्रे ज्या त्या इस्पितळातच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसरीकडे जातात. ही रचना आम्हांस योग्य वाटते. मात्र तीतून केवळ छापील अहवाल आला आणि मूळ चित्र मागेच राहिले, तर तुलना करावयाची कशाशी?

सीमाभागात आरोग्यसेवेलाही वादाचा वारा लागतो. महाराष्ट्राने २०२३ साली ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा मानस नाही. चित्र पाठविण्याने कोणाची हद्द सरकत नाही.

गोवा सरकारने बेळगावच्या इस्पितळांशी बोलणी करून निदान छातीच्या चित्रांपासून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे. वाट मात्र दुहेरी हवी. बांबोळीस निदान झाले तरी पुढील औषधोपचार वडगावच्याच डॉक्टरांकडे चालावयाचे असतात. तेव्हा येथे काढलेले चित्र आणि त्यावरील तज्ज्ञांचे मत, रुग्ण घाट चढून घरी पोहोचण्यापूर्वी त्यांच्या हाती पडले पाहिजे.