कॉम्प्युटरचे झाकण गावातच होईल!

वाचकहो, तुमच्या ग्रामपंचायतीत शिरल्यावर एकदा कॉम्प्युटरच्या पेटीकडे बघा. पुष्कळ ठिकाणी पेटीचे एका बाजूचे झाकण काढून कपाटावर ठेवलेले असते. कारण विचारले तर उत्तर मिळते, “गरम होतो हो, म्हणून उघडा ठेवलाय.” बाहेर ताम्हिणीच्या बाजूने चार महिने पावसाचा मारा, आत दमट हवा, आणि उघड्या पेटीत पाली, झुरळे, उंदीर यांचा मुक्काम. मग एक दिवस मशीन बंद पडते. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी दहा मैलांवरून आलेला शेतकरी हात हलवत परत जातो.

झाकण काढल्याने फायदा थोडा आणि नुकसान मोठे. पेटीत हवा पुढून खालून यावी आणि मागून वरून जावी, अशी सोय केलेली असते. बाजू उघडी पडली की हा प्रवाह मोडतो. धूळ बसते, त्यात ओल मुरते आणि ती ओली धूळ वीज वाहू लागते. तेव्हा झाकण लावा. हरवले, वाकले, गंजले असेल तर नवे करून घ्या. त्यासाठी अख्खी पेटी बदलायचे कारण नाही.

पत्र्याचे काम आपल्याकडे आहेच

हिंजवडी आपल्याच तालुक्यात आहे. तिथे कॉम्प्युटरवर चालणारी कामे होतात. पण ज्या पेटीत कॉम्प्युटर बसतो ते काम शेवटी पत्र्याचेच, आणि पत्र्याचे काम पिरंगुट, घोटावडे फाटा, उरवडे या पट्ट्यातल्या वर्कशॉपना नवे नाही. आयटीआयमधून पत्रा कारागीर होऊन आलेली पोरे इथे आहेत. त्यांच्याकडे जाताना फक्त माप बिनचूक न्या.

माप सूत-इंचात नको, मिलिमीटरमध्ये घ्या. आधी जाड पुठ्ठ्याचे झाकण कापून पेटीवर बसवून बघा. पुठ्ठा बसला तर पत्रा बसेल. जुने झाकण असेल तर तेच नमुना म्हणून द्या. पंख्याच्या छिद्रांची मापे ठरलेली आहेत. १२० मिलिमीटरच्या पंख्याला छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १०५, तर ८० च्या पंख्याला ७१.५ मिलिमीटर. मुख्य बोर्डही ठरावीक मापाचे असतात. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४.

झाकणाला सीआर पत्रा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा पुरतो. त्याहून पातळ घेतला तर पंख्याबरोबर थरथरतो, आवाज करतो. एक गोष्ट कारागिराला आठवणीने सांगा. घडी घालताना पत्रा ताणतो. ४०० मिलिमीटरच्या झाकणाला दोन्हीकडे १२ ची घडी हवी असेल तर ४२४ कापून चालत नाही. एक मिलिमीटरच्या पत्र्याला घडीमागे सुमारे दोन मिलिमीटर वजा करावे लागतात. मशीनप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून आधी एक तुकडा वाकवून बघावा. कडा कानशीने मोडून घ्या, नाहीतर बोट कापेल. मुळशीच्या हवेत नुसता रंग टिकत नाही. पावडर कोटिंग करून घ्या.

अ‍ॅक्रिलिक कुठे वापरावे?

हिंजवडीकडच्या पोरांना आतले दिसणारी पेटी आवडते. त्यासाठी ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट पत्र्याच्या झाकणातल्या खिडकीला छान बसते. दप्तरातही तिचा उपयोग आहे. पंखा फिरतो की नाही, धूळ किती साचली, हे झाकण न काढता कळते. पण अख्खी पेटी अ‍ॅक्रिलिकची करू नका. ते साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि पेटही घेते. वीजपुरवठ्याचा डबा पत्र्यातच हवा.

अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात लोखंडाच्या पाच-सहा पट पसरते. म्हणून ३ मिलिमीटरच्या स्क्रूला ४ चे छिद्र पाडा आणि स्क्रू फार आवळू नका. आवळला की तडा गेलाच. ड्रिल सावकाश चालवा, खाली लाकडाची फळी ठेवा. वरचा कागद काम संपेपर्यंत काढू नका. पुसायला थिनर नको, साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे.

जिवाशी खेळ नको

मशीन बंद करून प्लग काढल्याशिवाय हात घालू नका. बोर्ड आत असताना छिद्र पाडू नका. पत्र्याचा एक कीस बोर्डावर पडला तरी शॉर्ट होते. वीजपुरवठ्याचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ भार राहतो. जिथे पत्र्याला पत्रा टेकतो तिथे रंग खरवडून धातू उघडा करा, म्हणजे नव्या झाकणालाही अर्थिंग मिळेल. आणि पाठीमागच्या भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

लेझर मशीनवर अ‍ॅक्रिलिक कापताना मशीनजवळून हलू नये, ते पेटते. पीव्हीसीची शीट तर लेझरवर घालूच नये, तिच्यातून आम्लाचा विषारी धूर निघतो. जून २०२१ मध्ये उरवडे येथील कारखान्याच्या आगीत कामगारांचे, त्यातही बहुतांश भगिनींचे, बळी गेले. ते दुःख तालुका विसरलेला नाही. वर्कशॉप लहान असले तरी धूर बाहेर काढणारा पंखा, आग विझवायचे सिलिंडर आणि मोकळा दरवाजा हवाच.

पाबळने वाट दाखवली

“हे खेड्यात कुठे जमणार?” असे कुणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, ही तिथली रीत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या साह्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. गावच्या मुलांच्या हाती कॉम्प्युटरवर आखून मशीनवर वस्तू करण्याची विद्या आली. पाबळला जमले ते पौडला, माल्याला का जमू नये?

सरपंच, भाऊसाहेब, तुम्हाला एवढेच सांगणे. मशीन वॉरंटीत असेल तर आधी पुरवठादाराला कळवा, परस्पर छिद्र पाडू नका. वॉरंटी संपली असेल तर मापाचा कागद आणि बिल फाईलला लावा, जडवस्तू नोंदवहीत दुरुस्तीची नोंद घ्या आणि काम तालुक्यातल्याच कारागिराला द्या. आज झाकण करणारा पोरगा उद्या तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरची पेटीही नीट करील. आणि कपाटावर ठेवलेले ते झाकण सापडले, तर आजच बसवा. पावसाची वाट बघू नका.