मुंबईत उतरायचं कुठं?

फायनल इयरला आलं की मुंबईची एक तरी वारी ठरलेलीच. कुणाचा इंटरव्ह्यू बीकेसीत, कुणाचं गेटचं सेंटर पवईच्या बाजूला, कुणाला सीप्झमधल्या कंपनीनं बोलावलेलं. तिकीट निघतं, शर्टाला इस्त्री होते, रेझ्युमेच्या पाच झेरॉक्स निघतात आणि मग आदल्या दिवशी रात्री मेसमध्ये कुणीतरी विचारतो, "अरे, पण राहायचं कुठं?" मग घाईघाईत मोबाईल उघडायचा, भाडं कमी ते जास्त अशी यादी लावायची आणि सगळ्यात वरची खोली बुक करून मोकळं व्हायचं! चार वर्षं ऑप्टिमायझेशन शिकून आपण इथं एकच व्हेरिएबल धरतो, याची गंमत वाटते.

आधी एक शब्दाचा घोळ. आपल्याकडं हॉटेल म्हणजे मिसळ आणि कटिंग मिळायची जागा. राहायचं ते लॉजवर. या लेखात मात्र हॉटेल आणि लॉज दोन्ही राहण्यासाठीच आहेत, मिसळीचं तुमचं तुम्ही बघा.

तर मुद्दा असा, की मुंबईत खोलीचं भाडं म्हणजे खोलीची किंमत नव्हे. तुम्ही इंटरव्ह्यूच्या दारात किती वाजता आणि कुठल्या अवस्थेत पोचता, ते त्यात धरावं लागतं. कल्याणच्या पुढची स्वस्त खोली घेऊन पाचशे रुपये वाचवले, पण सकाळी दोन लोकल सोडाव्या लागल्या आणि तिसरीत शर्टाचा चुरगाळा झाला, तर वाचलं काय?

म्हणून खोली शोधण्याआधी लोकलचा नकाशा समोर घ्या. मुंबई ही उत्तर-दक्षिण लांबट आणि पूर्व-पश्चिम चिंचोळी. रेल्वेही तशीच धावते. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरार-डहाणूकडे, मध्य रेल्वे सीएसएमटीहून कल्याण आणि पुढं कसारा, कर्जत, खोपोलीकडे, आणि हार्बर सीएसएमटीहून पनवेलकडे, तिचीच एक फांदी अंधेरी-गोरेगावला. उभं जाणं सोपं, आडवं जाणं अवघड! दोन लाईनी जोडणारी ठिकाणं मोजकीच : पश्चिम आणि मध्यला दादर, मध्य आणि हार्बरला कुर्ला, पश्चिम आणि हार्बरला वांद्रे-अंधेरी. नकाशावर 'फक्त ६ किमी' दिसणारं अंतर दोन गाड्या आणि एक रिक्षा बदलून कापावं लागतं, ते यामुळं. घाटकोपर-अंधेरीचं हे दुखणं २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर कमी झालं.

आपल्या आधीच्या बॅचेसचा एकच सल्ला असायचा, "दादरला उतर, डोळे झाकून." त्यामागं कारण होतं. दोन्ही लाईनी, फास्ट गाड्या, बाहेरगावच्या गाड्या, खायला भरपूर. सल्ला आजही वाईट नाही. पण ऑक्टोबर २०२५ पासून गणित बदललंय. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली. साधारण ३३ किमी, २७ स्टेशनं, आणि ती सीएसएमटी, दादर, बीकेसी, विमानतळ, सीप्झ अशी एका दोऱ्यात ओवत जाते. म्हणजे बीकेसीत इंटरव्ह्यू असेल तर सीएसएमटीजवळच्या लॉजवरून एकही गाडी न बदलता थेट बीकेसी. पूर्वी वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागायचं. तेव्हा पत्त्यात 'वांद्रे' दिसलं म्हणून वांद्रे स्टेशनजवळची खोली घेऊ नका. बीकेसी स्टेशनाला लागून नाही.

दुसरी गोष्ट, गर्दीची दिशा. सकाळी मुख्य लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडं येतो, संध्याकाळी उलटा. आता ऑफिसं अंधेरी, पवई, ऐरोलीकडंही पसरल्यामुळं उलट दिशेच्या गाड्याही काही रिकाम्या नसतात, पण फरक जाणवण्याइतका आहे. म्हणून शक्य तर खोली अशी घ्या, की सकाळी तुम्ही लोंढ्याच्या उलट जाल. (आणि संध्याकाळी अंधेरीला उतरायचं असेल तर चर्चगेटहून विरार फास्ट पकडू नका. दारातले लोक काय बोलतात, ते इथं छापता येणार नाही.)

तिसरी, ईस्ट की वेस्ट. स्टेशनच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी गावं समजा. जिना चढून, पुलावरून, गर्दीतून पलीकडं जायला पंधरा मिनिटं सहज जातात, आणि गाडीनं जायचं तर लांबचा वळसा. 'अंधेरी स्टेशनपासून जवळ' या जाहिरातीत कुठली बाजू, ते विचाराच. शिवाय वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी. दादरला उतरून 'रिक्षा, रिक्षा' ओरडणारा गडी लांबूनच पाहुणा ओळखू येतो!

आता डोंबिवलीचे काका. प्रत्येकाचे कुणीतरी असतातच. भाडं शून्य, काकू पहाटे उठून पोहे करणार, आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री घरचं कुणीतरी बरोबर असणं याची किंमत मी कमी लेखत नाही. पण सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरणं ही सरावाची गोष्ट आहे. काकांकडं जायचंच तर बॅग तिथंच ठेवून फक्त फाईल घेऊन निघा, आणि काका ज्या वेळेला निघतात त्याच्या तासभर आधी निघा.

रातोरात येणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. महालक्ष्मीनं कोल्हापूर-सांगलीकडून किंवा विदर्भ एक्सप्रेसनं नागपूरकडून सकाळी सीएसएमटीला उतरलात, इंटरव्ह्यू दुपारी आहे, परतीची गाडी रात्रीची. तुम्हाला खोली नको आहे, आंघोळ आणि कपडे बदलायला जागा हवी आहे. इथं चेक-आऊटची भानगड समजून घ्या. काही लॉजवर '२४ तास' असतात, म्हणजे सकाळी सातला शिरलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. पण बऱ्याच ठिकाणी दुपारी १२ ते दुपारी १२ असा हिशोब असतो. तिथं सकाळी सातला गेलात तर एक तर बारापर्यंत रिसेप्शनवर बसा, नाहीतर आदल्या दिवसाचंही भाडं भरा. एवढ्यासाठी स्टेशनवरची रिटायरिंग रूम बरी. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून तासांच्या हिशोबानं मिळते, फक्त लवकर भरते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. ट्रेनच्या बर्थची थोरली बहीण म्हणावी अशी एकेकट्याची बंद खोकी. तेव्हा १२ तासांचा दर ९९९ रुपये होता.

रेटिंगबद्दल. ५ पैकी ४.५, पण मतं देणारे अकराच, दुसरीकडं ३.९, मतं देणारे दीड हजार. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात आपण याचं उत्तर बरोबर लिहितो आणि बुकिंग करताना विसरतो. सँपल साईझ बघा. मी तर एक आणि दोन तारेवाली मतंच वाचतो, तीही गेल्या तीन-चार महिन्यांतली. 'वाय-फाय स्लो' हे रडगाणं सोडून द्या. 'ढेकूण', 'पाणी नाही', 'बुकिंग असून खोली दिली नाही' हे दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल, तर पुढचं हॉटेल बघा.

फोटोत एक गोष्ट शोधा, खिडकी. मुंबईत स्वस्त खोल्यांना खिडकी नसते किंवा असली तर ती डक्टमध्ये उघडते. झोपेपुरतं ते चालेल, पण आग लागली तर चालत नाही. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे दिल्लीत करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागली आणि १७ माणसं गेली. झोपेत असताना धुरानं भरलेल्या कॉरिडॉरमध्ये जिना शोधणं फार कठीण. म्हणून खोलीत बॅग टाकली की आधी बाहेर येऊन दुसरा जिना कुठं आहे आणि त्याचं दार उघडतं का, हे बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. फॅक्टर ऑफ सेफ्टी फक्त बीमलाच लावायचा असतो असं थोडंच आहे!

तारीख बघायलाही विसरू नका. गेट फेब्रुवारीत शनिवार-रविवारी असते, आणि रविवार हा मुंबईत मेगाब्लॉकचा वार. रुळांच्या कामासाठी दिवसाचे काही तास गाड्या बंद किंवा दुसऱ्या ट्रॅकवरून. कुठं ब्लॉक आहे ते एक-दोन दिवस आधी पेपरात येतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोलावणं असेल तर सायन-कुर्ला पट्टा मध्ये येणार नाही अशी खोली घ्या. जोराच्या पावसात पाणी तिथं हमखास साचतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा अख्खी मुंबईच थांबली होती, पण गाड्या लटकायला त्याच्या दशांश पाऊसही पुरतो. अशा दिवशी चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची खोली, थोडी महाग का असेना, स्वस्तच पडते. दोघांनी मिळून घेतली तर महागही राहत नाही.

सगळं ठरलं की हॉटेलला स्वतः फोन लावा. बुकिंग पोचलंय का, चेक-आऊट किती वाजता, कॉलेजच्या दोन-तीन मुलांना एका खोलीत ठेवता का, रात्री साडेअकराला पोचलो तर दार उघडं असेल का. शेवटचे दोन प्रश्न विचाराच. काही लॉजवाले पोरांचा ग्रुप बघून दारातच हात जोडतात. ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं आणि पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स द्यायचीच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी १२ होता. म्हणजे १५०० ची खोली १५७५ ला पडते. बिलात अजून १२ टक्के दिसले तर विचारा. आणि कंपनी राहण्याचा खर्च देणार असेल, तर ती हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर सहसा देत नाही. तुमचं नाव, तारखा आणि जीएसटी नंबर असलेलं छापील बिल लागतं. दोघांनी खोली घेतली असेल तर निम्म्या-निम्म्या रकमेची दोन बिलं मिळतील का, हे खोलीत शिरतानाच विचारून घ्या. निघताना गाडीची घाई असते आणि काउंटरवरचा माणूस 'शेठ आले की देतो' म्हणतो.