स्तनाच्या ऑपरेशननंतर : रिपोर्टातील आकडे काय बोलतात?

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, की घरातल्या प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : तो पुन्हा उलटेल का? छातीठोक उत्तर कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही. मात्र अंदाज बांधण्याची शास्त्रीय रीत आहे, आणि आपल्या माता-भगिनींना कळू नये इतकी ती अवघड मुळीच नाही.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी ३८७ रुग्ण स्त्रियांची माहिती तपासून १९८२ साली एक हिशेब मांडला. गाठ जितके सेंटिमीटर, त्याला ०.२ ने गुणावे. त्यात ग्रेड मिळवावी. ही १ ते ३ असते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जितक्या बेढब दिसतात तितकी ती वरची. मग काखेतल्या लसिका ग्रंथी. एकीतही रोग नसला तर १, एक ते तीन ग्रंथींत असला तर २, चार किंवा जास्त असल्या तर ३. बेरीज ३.४ पर्यंत आली तर चांगला गट, ५.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोखमीचा.

आम्ही पडलो खातेवहीची माणसे, म्हणून करून पाहिले. दोन सेंटिमीटर गाठ, ग्रेड २, काख स्वच्छ : बेरीज ३.४, चांगला गट. गाठ चार सेंटिमीटर धरली तरी वाढतात फक्त ०.४. पण तीच दोन सेंटिमीटरची गाठ ग्रेड ३ ची असून दोन ग्रंथींत रोग असेल तर बेरीज थेट ५.४ वर जाते. तेव्हा "गाठ सुपारीएवढीच होती, काही होत नाही" हे शेजारपाजारचे बोलणे अर्धेच खरे.

हा अंदाज शेकडो जणींचा मिळून असतो. चांगल्या गटातही काहींचा रोग उलटतो, आणि जोखमीच्या गटातल्या कित्येक जणी पुढे वर्षानुवर्षे संसार करतात. जोखमीचा गट म्हणजे उपचार जास्त नेटाने करायचे. उपचार सोडून अंगारे-धुपारे करीत बसणाऱ्यांना काय म्हणावे!

शिवाय १९८२ च्या हिशेबात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या नाहीत. ईआर पॉझिटिव्ह असल्यास हार्मोनच्या गोळ्या साधारण पाच वर्षे, कधी त्याहून जास्त, घ्याव्या लागतात. हर-टू पॉझिटिव्ह रोग एकेकाळी फार वाईट समजला जाई. ट्रास्टुझुमॅब इंजेक्शनाने ते चित्र पालटले. २०१८ साली जाहीर झालेल्या टेलरएक्स या मोठ्या अभ्यासात २१ जनुकांच्या चाचणीवरून असे दिसले, की काखेत रोग नसलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह अशा बहुसंख्य स्त्रियांना केमोची गरज नसते. ही चाचणी आपल्या बहुतेक घरांना परवडणारी नाही. ईआर, पीआर, हर-टू मात्र आग्रहाने करून घ्यावे.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट रेशनकार्डासारखा जपून ठेवा. तपासलेल्या ग्रंथी किती आणि त्यांपैकी रोग किती ग्रंथींत, हे त्यात पाहा. आणि डॉक्टरांना न भिता विचारा : माझ्यासारख्या शंभर जणींना केमो दिली, तर तिचा उपयोग किती जणींना होतो?