पिकअपचे दिवे मंद का वाटतात?
पिकअपमध्ये माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर उठतं आणि हेडलाइटचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालक म्हणतो, दिवे मंद झाले. खरं तर बिघडलेला असतो कोन. बऱ्याच गाड्यांत झोत खाली करायची छोटी चकती डॅशबोर्डवर असते. तिला सहसा कुणी हात लावत नाही. दुसरा दोष दिव्याच्या आवरणाचा. त्याचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. पॉलिशनं उजळतं, पण वरून संरक्षक थर दिला नाही तर पुन्हा तेच. हे झालं समोरचं; पिकअपमधून मागचं दिसणं तर अवघडच. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या पिकअपना रिव्हर्स कॅमेरा सक्तीचा आहे. चित्र धूसर आलं तर तक्रारीआधी भिंगावरचा चिखल पुसून पाहावा.